यकृताचं दुखणं तळपायाला कसं कळतं?

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून नागफणीच्या कड्याकडे चढायला लागा आणि थोडा वेळ आपल्याच पायांवर लक्ष ठेवा. नजर दरीवर असते, ढगांवर असते, सोबत्याशी गप्पा चालू असतात. पायांकडे कुणीच बघत नसतं. तरी अंगठ्याखाली खडा आला की घोटा आपोआप सावरतो, ओल्या कातळावर बोटं आपसूक आवळतात, मुरमावर टाच जपून पडते. पाऊल किती तिरकं पडलं, खाली दगड आहे की गवत, ही बातमी अंगठ्याकडून मेंदूकडे कोण नेतं?

एक पेशी. हो, एकच! कमरेच्या खाली, पाठीच्या कण्याला लागून मज्जातंतूंच्या छोट्या गाठी असतात. त्या गाठीतल्या एका पेशीचा मुख्य भाग नुसत्या डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा. पण तिचा एक धागा खाली पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो आणि दुसरा वर चढत थेट मेंदूच्या देठापर्यंत. उंच माणसात या एका पेशीची लांबी दीड मीटरच्या पुढे जाते. जाडी मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तुमच्या शरीरात या क्षणी अशा हजारो पेशी कंबर ते अंगठा ताणलेल्या आहेत.

आता उजव्या फासळ्यांखाली या. तिथे सुमारे दीड किलो वजनाचं यकृत आहे. दारूमुळे, कावीळ-ब किंवा कावीळ-क च्या विषाणूंमुळे, वर्षानुवर्षं साचलेल्या चरबीमुळे किंवा शरीराने स्वतःवरच उलटल्यामुळे ते कडक, गाठीगाठींचं होतं, तेव्हा त्याला सिरोसिस म्हणतात. पोटात पाणी होतं, डोळे पिवळे होतात, रक्ताची उलटी होते, हे आपण ऐकलेलं असतं. पण याच रुग्णांपैकी कितीतरी जणांना तळपायाला मुंग्या येतात, रात्री पाय पेटल्यासारखे जळतात, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. ज्यांची काहीच तक्रार नाही अशांच्या नसांना घोट्याजवळ विजेचा हलका झटका देऊन वेग मोजला, तर त्यांच्यातल्याही अनेकांच्या नसा मंदावलेल्या सापडतात.

यकृत कुठे, अंगठा कुठे! यकृतातून अंगठ्याला जाणारी एकही नस नाही. मग एवढ्या लांब हे दुखणं पोचलं कसं?

उत्तर शोधायला त्या लांबलचक पेशीचा संसार बघावा लागतो. धाग्याला लागणारी बहुतेक प्रथिनं बनतात ती कमरेजवळच्या त्या बारीकशा मुख्य भागात. तिथून ती अंगठ्यापर्यंत वाहून न्यावी लागतात. धाग्याच्या आत सूक्ष्म नळ्यांचे रूळ पसरलेले असतात आणि त्यांच्यावरून कायनेसिन नावाचं प्रथिन पाठीवर ओझं घेऊन अक्षरशः चालतं. एक पाऊल आठ नॅनोमीटरचं. प्रत्येक पावलाला शरीराचं ऊर्जेचं एक नाणं, म्हणजे एटीपीचा एक रेणू, खर्च. एक मीटर जायला साडेबारा कोटी पावलं! जलद जाणारं सामान दिवसाला चाळीस सेंटिमीटरपर्यंत मजल मारतं, म्हणजे तीनेक दिवसांत अंगठा गाठतं. पण धाग्याचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो ती रेंगाळत जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. आज कमरेपासून निघालेलं असं प्रथिन अंगठ्याशी पोचेपर्यंत जवळजवळ तीन वर्षं उलटलेली असतात. तुमच्या अंगठ्यातल्या नसेच्या टोकाला आज जे मिळतंय, ते तीन पावसाळ्यांपूर्वी निघालेलं आहे.

कुरवंड्याचा घाट ही कोकणातून देशावर येण्याची जुनी वाट. याच वाटेने फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज खाली उंबरखिंडीत उतरली आणि शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी तिला अरुंद जागी कोंडलं. लांब आणि अरुंद वाटेचा धर्मच असा, की रसद तुटली तर पहिला फटका शेवटच्या टोकाला बसतो. वाटेच्या आरंभीचं गाव खाऊन-पिऊन सुखी असतं, आणि टोकाच्या वस्तीत चूल पेटत नाही. नसांचंही तेच. रसदीत कुठेही कमी पडलं तर सर्वांत लांबचं टोक आधी कोमेजतं, म्हणून पायाची बोटं पहिली. आणि यातलं एक अजब गणित बघा: पायांचा बधिरपणा गुडघ्याच्या आसपास चढला की त्याच सुमाराला हाताची बोटं मुंग्यांची तक्रार करू लागतात. का? कारण कण्यापासून गुडघा जितका दूर, साधारण तितकीच दूर हाताची बोटं. दुखण्याला हात-पाय कळत नाहीत. त्याला फक्त अंतर कळतं.

आता रसद तोडतं कोण, ते पाहू.

यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. त्यातलं तीन-चतुर्थांश थेट आतड्यांकडून येतं. तुम्ही खाल्लेल्या भाकरीतलं, पिठल्यातलं जे जे रक्तात शोषलं जातं, ते आधी यकृताच्या ताब्यात जातं आणि मग बाकीच्या शरीराला मिळतं. समजा, ही भेट टाळली तर? १८७७ मध्ये निकोलाय एक या रशियन शल्यविशारदाने कुत्र्यांवर नेमका तोच प्रयोग केला. आतड्यांकडून यकृताकडे जाणारी मोठी शीर त्याने यकृताला वळसा घालून हृदयाकडे जाणाऱ्या शिरेला जोडली. पुढे १८९३ मध्ये पावलोव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे कुत्रे बारकाईने पाहिले. हाच तो पावलोव, ज्याच्या घंटेची गोष्ट आपण शाळेत वाचतो. मांस खायला दिलं की हे कुत्रे चिडखोर होत, झोकांड्या खात, काही बेशुद्ध पडत. अन्न तेच, पण यकृताला न भेटता मेंदूकडे गेलेलं!

सिरोसिसमध्ये शरीर ही शस्त्रक्रिया स्वतःच करून टाकतं. कडक झालेल्या यकृतातून रक्ताला वाट मिळत नाही, म्हणून ते अन्ननलिकेभोवतीच्या, बेंबीभोवतीच्या लहान शिरांना फुगवून आडवाटेने निघून जातं. आतड्यातला अमोनिया आणि जंतूंची विषारी द्रव्यं न गाळता सगळीकडे पोचतात. मेंदू धुकट होतो. रुग्णाला दोन्ही हात पुढे करून मनगटं वर उचलून धरायला सांगितलं की हात क्षणभर गळतात, पुन्हा सावरतात, पुन्हा गळतात. ॲडम्स आणि फोली या अमेरिकी डॉक्टरांनी १९४९ मध्ये याचं नेमकं वर्णन केलं. गंमत अशी की ही स्नायूंची थरथर नाहीच. स्नायूंना ताणून धरण्याची आज्ञा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ खंडित होते आणि तेवढ्यात हात पडतो. मेंदूचा हा गोंधळ अमोनिया उतरला की बऱ्याचदा काही दिवसांत निवळतो. नसांची झीज मात्र अशी झटपट भरून येत नाही. ती सावकाश होते आणि सावकाशच फिरते.

नसांना यकृताकडून केवळ स्वच्छ रक्त हवं असतं असं नाही. जीवनसत्त्वांचं कोठारही तेच सांभाळतं. बी-१२ चा शरीरातला निम्म्याहून जास्त साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी जीवघेण्या पंडुरोगाच्या रुग्णांना रोज यकृत खायला घालून वाचवलं आणि १९३४ चं नोबेल मिळवलं, तेव्हा त्या यकृतातली खरी जादू बी-१२ ची होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. या जीवनसत्त्वाशिवाय नसांची आवरणं टिकत नाहीत. आणि इथे एक फसवा पेच आहे. यकृताच्या पेशी फुटू लागल्या की साठवलेलं बी-१२ रक्तात गळतं. रक्ततपासणीत आकडा चांगला, कधी जास्तही दिसतो, आणि नसा मात्र उपाशी असू शकतात!

मग दारूचं काय? दारू नसांना स्वतःच मारते, शिवाय बी-१ ची उपासमार घडवते. त्यामुळे बराच काळ असं मानलं गेलं की सिरोसिसच्या रुग्णाचे पाय बधिर झाले तर तो दारूचाच प्रताप. आपल्याकडे तर पोटात पाणी झालं म्हटलं की शेजारीपाजारी न विचारताच निदान करून मोकळे होतात. आयुष्यात थेंब न घेतलेली बाई कावीळ-ब मुळे अंथरुणाला खिळते आणि वर हा संशयही सोसते, ही मला फार अन्यायाची गोष्ट वाटते. विज्ञानाने तो संशय केव्हाच दूर केलाय. लंडनमध्ये डायन आणि रॉजर विल्यम्स यांनी १९६७ मध्ये, आणि निल-जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये, यकृताच्या जुनाट रुग्णांच्या घोट्याजवळच्या नसेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दारूशी संबंध नसलेल्या आजारांतही नसा बिघडलेल्या होत्या.

आणि त्यांना तिथे जे दिसलं ते पाहण्यासारखं आहे. नसेच्या धाग्याभोवती मायलिनचं चरबीदार वेष्टण असतं. ते गुंडाळतात ‘श्वान’ नावाच्या पेशी. एका पेशीच्या वाट्याला जेमतेम मिलिमीटरभर धागा येतो, म्हणजे अंगठ्यापर्यंतच्या एकाच धाग्यावर हजारभर पेशी ओळीने बसलेल्या. या वेष्टणामुळेच संदेश सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरच्या वेगाने धावतो. रुग्णांच्या नसेत हे वेष्टण मध्येमध्ये गळून पडलेलं होतं आणि त्याच जागी नवं, पातळ वेष्टण गुंडाळलेलंही होतं. म्हणजे बिघाड आणि डागडुजी शेजारी शेजारी चालू! नंतरच्या अभ्यासांत धागेच आतून झिजत असल्याचंही ठळकपणे दिसलं.

यकृताच्या प्रत्येक आजाराची नसांना गाठायची वाट पुन्हा वेगळी. कावीळ-क मध्ये काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रथिनं तयार होतात जी थंडीत गोठून गोळा होतात आणि ऊब मिळताच विरघळतात. नसांनाही जगायला रक्त लागतं आणि ते आणणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या या प्रथिनांमुळे सुजून बंद पडतात. पित्तनलिका हळूहळू नष्ट करणाऱ्या एका आजारात रक्तातलं कोलेस्टेरॉल प्रचंड वाढतं. त्यातल्या काही रुग्णांच्या नसांच्या आवरणातच चरबीने भरलेल्या पेशी साचलेल्या थॉमस आणि वॉकर यांनी १९६५ मध्ये दाखवल्या. अशा माणसाला साधा स्पर्शही सहन होत नाही.

लहान मुलांची गोष्ट मला यात सर्वांत हलवून टाकणारी वाटते. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मतःच बंद असतात. पित्त आतड्यात उतरलं नाही की चरबी पचत नाही, आणि चरबीबरोबर येणारं ई जीवनसत्त्वही शोषलं जात नाही. कुणाच्या लक्षातही येत नाही, पण वर्ष-दोन वर्षांत गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडेनासा होतो. मग आपला पाय कुठे आहे हेच मुलाला डोळे मिटल्यावर कळत नाही. चाल डगमगते. हे सगळं ई जीवनसत्त्वाच्या अभावाने होतं, हे १९८० च्या दशकात अमेरिकेत रोनाल्ड सोकोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, आणि ते वेळेत दिलं तर मुलं सुधारतात हेही. निसर्गात ई जीवनसत्त्वाची आठ रूपं सापडतात. आतडं आठही रूपं आत घेतं. पण यकृतात एक प्रथिन आहे, जे त्या आठांतून अल्फा-टोकोफेरॉल हे एकच रूप निवडून रक्तात पुढे धाडतं. ज्यांच्यात हे प्रथिनच जन्मतः बिघडलेलं असतं त्यांचं यकृत इतर बाबतीत ठणठणीत असतं, तरी त्यांचाही तोल जातो, चाल बिघडते. दीड मीटर लांबीच्या त्या धाग्याला काय हवं, हे यकृत रेणू पारखून ठरवतं!

मुलांच्या यकृताचा विषय निघाला की पुण्याचं नाव घ्यावंच लागतं. भारतात एके काळी सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना होणारा एक भयंकर सिरोसिस होता. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं आणि बहुतेक बाळं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरात एकामागून एक मुलं जायची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या घरांमधलं स्वयंपाकघर तपासलं. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं म्हणणं छापून आलं: दोष पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेल्या दुधाचा. कल्हई नसलेल्या भांड्यातलं तांबं दुधातल्या प्रथिनाला चिकटतं आणि आईच्या दुधाऐवजी लवकरच वरचं दूध सुरू झालेल्या बाळाच्या यकृतात साचत जातं. शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामिन हे औषध आजाराच्या आरंभी दिलं तर मुलं वाचू शकतात, हेही याच गटाने दाखवलं. भांडी स्टीलची झाली, बाळाच्या दुधाविषयी घरोघरी सांगितलं गेलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. महाराष्ट्राला याचा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरं कोडं पुढेच आहे. या बाळांच्या यकृतात तांबं प्रचंड साचलेलं असायचं, आणि मेंदू मात्र त्यातून सुटलेला असायचा. याउलट १९१२ मध्ये किनियर विल्सन यांनी ज्याचं वर्णन केलं त्या आनुवंशिक आजारात यकृत तांबं पित्तावाटे बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतातून ओसंडतं आणि मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात जाऊन बसतं. बोलणं अडखळतं, हात थरथरतात, डोळ्याच्या बुबुळाभोवती सोनेरी-तपकिरी कडं उमटतं. धातू तोच, अवयव तोच, आणि दोन आजारांत दोन वेगळ्या कहाण्या.

आतापर्यंत पायांच्या नसा पाहिल्या. पण एक नस अशी आहे की ती बिघडली तरी माणसाला पत्ता लागत नाही. तिचं नाव व्हेगस. मेंदूच्या देठातून निघून मान आणि छाती ओलांडत ती हृदय, जठर, आतडी, यकृत सगळ्यांना भेट देते. तिच्यातले बहुतेक धागे आज्ञा खाली नेत नाहीत, तर पोटाची खबर वर मेंदूला पोचवतात. आणि हृदयाचं काय? हृदयाला एकटं सोडलं तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून ते विश्रांतीतही जवळजवळ त्याच वेगाने धडधडतं. तुमची नाडी बसल्याजागी सत्तर-बहात्तर असते, कारण व्हेगस रात्रंदिवस तिला लगाम घालून असते.

हे स्वतःच तपासून बघा. मनगटावर बोटं ठेवा. पाच सेकंद सावकाश श्वास आत, पाच सेकंद बाहेर. श्वास घेताना नाडी किंचित धावते आणि सोडताना थबकते, जाणवतंय? एडिनबरोच्या डेव्हिड युइंग यांनी मधुमेहींसाठी यावरच तपासणी बसवली. मिनिटाला सहा श्वास घेताना सर्वांत जलद आणि सर्वांत मंद नाडीत पंधरा किंवा जास्त ठोक्यांचा फरक पडला तर व्हेगस ठीक, दहा किंवा कमी पडला तर बिघडलेली. वय वाढतं तसा हा फरक कमी होतो, हे मात्र ध्यानात ठेवा. शेफील्डमध्ये तुलुवत आणि ट्रिगर यांनी १९८९ मध्ये यकृताच्या रुग्णांवर अशा चाचण्या केल्या. दारू पिणारे असोत वा न पिणारे, कितीतरी जणांची नाडी श्वासाकडे दुर्लक्ष करून एकसुरी चाललेली होती. १९९२ मध्ये त्याच गटाने ‘लॅन्सेट’मध्ये पुढची हकीकत सांगितली: ज्यांची व्हेगस बिघडली होती, त्यांच्यात नंतरच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. रक्तस्राव झाला, जंतुसंसर्ग झाला, तर शरीराला झटपट सावरून घेणाऱ्या यंत्रणेतच ढिलाई आलेली असते. जठर सावकाश रिकामं होतं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, माणूस कमी खातो आणि नसांची रसद आणखी तुटते.

श्वास आणि नाडीच्या या नात्यावर कुरवंड्याशेजारच्या लोणावळ्यात फार आधीपासून शोध चालला होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम उभारलं आणि योगाला दाबमापक आणि क्ष-किरणांपुढे बसवलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९५७ च्या सुमाराला अमेरिकेहून मॅरियन वेंगर आणि बसू कुमार बागची योगाभ्यासींची मोजमापं घ्यायला भारतात आले, लोणावळ्यातही आले. काही योगी हृदय थांबवून दाखवतो म्हणत. त्यांच्या मनगटावरची नाडी खरोखर हाताला लागेनाशी होई, ठोक्यांचा आवाजही बुजे. मग हृदय थांबलं? दिल्लीच्या बाळकृष्ण आनंद यांच्यासह या दोघांनी १९६१ मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यातलं उत्तर फार देखणं आहे. हृदयाचा विद्युत-आलेख चालूच होता! श्वास कोंडून, गळा बंद करून, छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो आणि शिरांतून परतणारं रक्त वाटेतच अडतं. हृदय ठोके देत राहतं, पण पुढे ढकलायला त्याच्याकडे पुरेसं रक्तच नसतं.

गळा बंद करून जोर लावण्याची क्रिया इटालियन वैद्य व्हाल्साल्व्हा याने १७०४ मध्ये कानाच्या विकारांसाठी वर्णन केली होती, आणि आज तीच व्हेगसची एक मुख्य परीक्षा आहे. जोर सोडला की अडलेलं रक्त एकदम हृदयात येतं, रक्तदाब उसळतो आणि निरोगी व्हेगस तत्क्षणी नाडी मंद करते. सिरोसिसच्या ज्या रुग्णाची व्हेगस झिजली आहे, त्याची नाडी इथे मंद होतच नाही. अर्थात ही परीक्षा दवाखान्यातच व्हायला हवी. यकृताच्या रुग्णाने श्वास कोंडून जोर लावायचा प्रयोग घरी मुळीच करू नये, कारण अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या असतील तर त्यांना असा दाब परवडत नाही. आणि ज्याचे पाय बधिर झालेत त्याने मावळातल्या भातखाचरात अनवाणी उतरू नये. काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि दुबळ्या यकृताला ती भारी पडते. पायांची आग, उभं राहताना येणारी चक्कर या गोष्टी यकृताच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या ‘दुसऱ्या विभागाच्या’ तक्रारी नाहीत.

नसा परततात का? यकृत बदललं तर अनेकांच्या व्हेगसचं काम सुधारतं, पायांच्या नसाही काही प्रमाणात सावरतात. तुटलेला धागा वाढतो तो दिवसाला एखाद मिलिमीटर, त्यामुळे धीर वर्षांचा लागतो.

आणि शेवटी सगळा प्रकार उलटा करून दाखवणारा एक आजार. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या पायांपासून चढत जाणारा बधिरपणा आणि मग मृत्यू येई. आंद्रादे यांनी १९५२ मध्ये त्याचं वर्णन केलं. या माणसांचं यकृत पाहायला अगदी निरोगी, फक्त ते ट्रान्सथायरेटिन नावाचं एक प्रथिन किंचित चुकीचं बनवतं. ते प्रथिन सुटं होऊन नसांत साचतं आणि नसा मरतात. १९९० मध्ये स्वीडनमध्ये डॉक्टरांनी विचार केला: नसांचा रोग आहे, पण कारखाना यकृतात आहे, तर यकृतच बदलू या. रोगाची चाल मंदावली! मग प्रश्न आला, काढलेल्या त्या उत्तम यकृताचं करायचं काय? १९९५ मध्ये पोर्तुगालमध्ये ते दुसऱ्याच एका मरणासन्न रुग्णाला बसवलं गेलं. चुकीचं प्रथिन नसा बिघडवायला वीस-तीस वर्षं घेतं, तोवर हा माणूस जगून घेईल, असा हिशेब होता. याला डोमिनो प्रत्यारोपण म्हणतात. त्याने अनेक जीव वाचले, पण काहींच्या पायांना मुंग्या दहा वर्षांच्या आतच आल्या.

२०१८ मध्ये पॅटिसिरान हे औषध आलं. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेला आरएनएचा तुकडा दर तीन आठवड्यांनी शिरेतून दिला जातो. तो यकृताच्या पेशींत शिरतो आणि त्या एकाच प्रथिनाची कृती सांगणारा संदेश मोडून टाकतो. नसेला हातही न लावता नस वाचते. आता या आजाराच्या बहुतेक रुग्णांचं यकृत काढावंच लागत नाही, त्यामुळे दुसऱ्याला देण्याजोगी अशी यकृतंही दुर्मीळ होत चालली आहेत.